एका नावाची अडचण

लांबलचक मजकुरात अमुक शब्द आहे की नाही, हे संगणकाला वारंवार शोधावे लागते. ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या जावास्क्रिप्ट ह्या संगणकभाषेत मजकुराला, म्हणजे अक्षरांच्या माळेला, 'स्ट्रिंग' म्हणतात. स्ट्रिंगवर करावयाच्या कृतींना 'मेथड' असे नाव आहे. ह्या मेथड 'प्रोटोटाइप' नावाच्या सामाईक जागी ठेवलेल्या असतात. तेथे कोणीही नवी मेथड ठेवावी. त्या पानावरील प्रत्येक स्ट्रिंगला ती आपोआप मिळते. सोय मोठी, पण तिच्यातच एक धोका दडलेला आहे.

पूर्वी ह्या भाषेत 'शब्द आहे का?' ह्याचे 'होय' किंवा 'नाही' असे सरळ उत्तर देणारी मेथड नव्हती. म्हणून 'मूटूल्स' ह्या आज्ञावली-संग्रहाने सामाईक जागी 'कन्टेन्स' ही मेथड ठेवली. ह्या नावाची मेथड आधीच असेल, तर मात्र त्याची १.२ ही आवृत्ती स्वतःची ठेवीत नसे. पुढे २०१२ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरच्या १७ व्या आवृत्तीत 'कन्टेन्स' घालून पाहण्यात आली आणि मूटूल्सवर चालणारी काही संकेतस्थळे बिघडली!

असे का व्हावे? 'सदाफुली मोगरा' ह्या स्ट्रिंगमध्ये 'फुली' शोधू या. सोबत दुसरी माहिती म्हणून एक मोकळी जागा देऊ. मूटूल्सच्या मते ही जागा शब्द वेगळे करणारी खूण आहे. 'फुली' हा स्वतंत्र शब्द नाही, म्हणून उत्तर 'नाही'. नव्या मेथडला मात्र दुसरी माहिती म्हणजे शोध कोठून सुरू करावा तो क्रमांक वाटतो. जावास्क्रिप्ट मोकळ्या जागेचा अंक ० असा करते. शोध आरंभापासून होतो, 'सदाफुली'त 'फुली' सापडते आणि उत्तर येते 'होय'!

जुनी पाने बंद पडू नयेत म्हणून अखेर भाषेनेच माघार घेतली. २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीत ती मेथड 'इन्क्लूड्स' ह्या नावाने आली.

विद्यार्थी मित्रांनो, नवी कृती हवी असेल तर ती सामाईक जागी न ठेवता स्वतंत्र फंक्शन म्हणून लिहावी व स्ट्रिंग तिच्याकडे सोपवावी. दोन-तीन अक्षरे अधिक लिहावी लागतील, पण दुसऱ्याच्या कामात बिघाड होणार नाही. शब्द मोजणारे असे एक फंक्शन लिहून पाहा बरे!