नांदूरमध्यमेश्वर : पाण्याकाठचे गाव आणि गाळाचा हिशेब

व्यापाराच्या पानावर पक्ष्यांच्या गावाचे काय काम, असे वाचक विचारतील. विचारणे रास्तच आहे. पण निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर आणि त्याच्या शेजारची खाणगाव थडी, चापडगाव ही लहान गावे पाहून आल्यावर आमचे मत झाले की, या शिवारात दुकानदाराने आणि कारागिराने डोळे उघडे ठेवून एक फेरी मारायलाच हवी. हिवाळ्यात ज्या पाण्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोटारी इथे येतात, त्याच पाण्याचा फुगवटा पावसाळ्यात चांदोरी आणि सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरतो. एकाच गाळातून एकाचा नफा आणि दुसऱ्याचा तोटा निघतो.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, कांद्याची रोपे, ऊस आणि गहू. निफाडच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतो. त्या थंडीचा अर्थ पहाटे सहाला बंधाऱ्यापाशी उतरल्यावर कळतो. धुके इतके की पलीकडचा काठ दिसत नाही, पण आवाज येत असतात. मग ऊन वर येते आणि उथळ पाण्यात एकेक आकृती उमटू लागते. चित्रबलाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, काळे वारकरी आणि दूर उत्तरेकडच्या थंड मुलुखातून आलेली तलवार बदके. चक्रवाकाची जोडी आम्ही पुस्तकातच वाचली होती, इथे ती चिखलात उभी होती.

हे पाणी नैसर्गिक तळ्याचे नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कालव्यांत पाणी सोडण्यासाठी दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी निफाड-येवल्यापासून कोपरगावापर्यंत आणि पुढेही शेती भिजवली. ऊस आला, साखर कारखाने आले, त्यांच्यामागून गूळ, पत्रे, लोखंड, कापड यांचे व्यापारी आले. कोपरगावची पेठ ज्या पाण्यावर वाढली त्याचा नळ इथे आहे, असे म्हटले तरी चालेल.

बंधाऱ्याने पाणी अडवले तशी मातीही अडवली. वरून गोदावरी, दारणा, कादवा सगळ्याच नद्या गाळ आणतात. पाण्याचा वेग इथे मंदावतो आणि गाळ खाली बसतो. शंभर वर्षांत असा गाळ साचून बेटे झाली, उथळ दलदल झाली, पाणवनस्पती वाढल्या, मासे आणि किडे झाले, आणि त्यांच्यामागे पक्षी आले. १९८६ साली सरकारने याला अभयारण्य जाहीर केले. जानेवारी २०२० मध्ये ‘रामसर’ यादीत नाव आल्याचे जाहीर झाले आणि महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ जागा ठरली. रामसर हे इराणमधल्या कास्पियन समुद्राकाठच्या शहराचे नाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागांविषयीचा जागतिक करार झाला, म्हणून यादीलाही तेच नाव. इथे अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव डॉ. सालिम अली यांनी दिले, असे इथे सर्वजण सांगतात. सालिम अलींबद्दल आमच्या वाचकांनी थोडे अधिक जाणून घ्यावे, कारण ते व्यापारी घरातले होते. १८९६ साली मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी गळ्याशी पिवळी दिसली, ती घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्याची दिशा ठरली. तरी पोटापाण्यासाठी तो ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाचा धंदा पाहायला गेला. तिथे हिशेबापेक्षा जंगलातच जास्त रमला. १९१७ साली परत येऊन दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकला. म्हणजे वहीखाते त्याला येत होते, मन मात्र दुसरीकडे होते. पुढे जर्मनीत शिकून आल्यावर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी राहिली नव्हती. बेकारीच्या त्या दिवसांत अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर राहते, मग नर उरलेले पूर्ण करतो आणि पुढचे घरटे विणायला घेतो. मालेगाव-येवल्याच्या विणकर बांधवांना हे वाचून हसू येईल. गिऱ्हाइकाने पसंत केल्याशिवाय थान पूर्ण न करणारा कारागीर त्यांना ठाऊक आहे! १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, १९८७ साली ते वारले.

आता धंद्याकडे येऊ. हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गर्दी शनिवार-रविवारची, म्हणजे जुम्म्याच्या नमाजाला अडचण नाही. पाहुणे पहाटे येतात आणि ऊन चढले की परततात. अशा माणसाला सहा वाजता गरम चहा लागतो आणि नऊ वाजता पोटभर न्याहारी. कानटोपी, हातमोजे घरी विसरून आलेला पाहुणा तर दर गाडीत एक असतो. परतताना तो द्राक्षे, पेरू, कांदे घेतो. बागवान बांधवांनी इथे पाच-दहा किलोच्या नीट बांधलेल्या पेट्या ठेवल्या तर मार्केटच्या लिलावापेक्षा चार पैसे जास्त सुटतील. आसपास मुक्कामाची सोय वाढली तर गाद्या, उश्या, रजयांचे काम निघेल. पिंजारी घराण्यांतल्या ज्या तरुणांनी फोमच्या गाद्यांपुढे हात टेकले आहेत, त्यांनी कापसाच्या जाड रजईचा नमुना घेऊन एकदा या मुक्कामवाल्यांकडे जाऊन यावे. नाशिकच्या भद्रकालीत तांब्या-पितळेची भांडी मिळतात, तसा एखादा लहान तांब्या या गावात विकायला ठेवावा असे कोणाला सुचलेले आम्हाला दिसले नाही. गावातले तरुण दुर्बीण गळ्यात घालून वाट दाखवतात आणि पक्ष्यांची मराठी व इंग्रजी नावे धडाधड सांगतात. हाही एक हुन्नरच आहे.

वेल्समध्ये इंग्लंडच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचे लहान खेडेवजा गाव आहे. १९६०च्या दशकात रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने तिथल्या जुन्या अग्निशामक ठाण्यात जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. एकाचे पाहून दुसऱ्याने काढले, आणि ते गाव जगभर पुस्तकांचे गाव म्हणून नावारूपाला आले. त्याचाच कित्ता गिरवत २०१७ साली सातारा जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. फरक एवढाच की तिकडे सुरुवात दुकानदाराने केली, इकडे सरकारने. नांदूरमध्यमेश्वरला मनोरे आणि पायवाटा सरकार करील, दुकान मात्र दुकानदारालाच थाटावे लागेल. अभयारण्याचे नियम पाळून, अर्थात. भोंगा, प्लास्टिक आणि कचरा नेला तर पाहुणेही जातील आणि पक्षीही.

आता दुसरी बाजू. गाळाने नदीचे पात्र उथळ झाले की पुराचे पाणी मागे तुंबते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चांदोरी आणि सायखेडा आहेत. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत या गावांत पाणी शिरले. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकून फुगवटा वाढतो, हेही तिथले लोक सांगतात. किराणा, कापड, खत-बियाण्यांच्या दुकानात पाणी गेले की ओला माल पुन्हा विकता येत नाही, उधारीच्या वह्याही जातात. म्हणून गाळ काढा, अशी गावांची मागणी. आणि सगळा गाळ काढला तर उथळ दलदल जाईल, पक्ष्यांचे घर जाईल, अशी पक्षीप्रेमींची भीती. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू असल्याने तिथे मनमानी खोदकाम करता येत नाही.

आम्हाला वाटते की यात दुकानदाराच्या बाजूचे वजन कमी मोजले जाते. पक्षी पाहायला येणारा दोन तासांनी जातो, पुराचा चिखल दुकानदाराला महिनाभर उपसावा लागतो. पात्रात कुठे गाळ काढल्याने पूर ओसरेल आणि कुठे ठेवल्याने पाणथळ टिकेल, हे ठिकाणवार मोजून ठरवता येण्यासारखे आहे. तसे मोजमाप गावासमोर मांडले पाहिजे, आणि त्या सभेला आपल्या दुकानदार मंडळींनीही जाऊन बसले पाहिजे. हे काम फक्त शेतकऱ्यांचे आहे असे समजून घरी बसू नये.

तोवर जे हाती आहे ते करावे. पावसाळ्यात वर्तमानपत्रात आणि रेडिओवर गंगापूर, दारणा धरणांच्या आणि नांदूरमध्यमेश्वरच्या विसर्गाचे क्यूसेकमधले आकडे येतात. वरच्या धरणांतून पाणी सुटले की काही तासांत ते खाली पोचते. एवढा वेळ माल वर चढवायला पुरतो, फळ्या आधीच ठोकलेल्या असल्या तर. गेल्या पुराची खूण भिंतीवर रंगाने काढून ठेवावी आणि त्याच्या हातभर वर पहिली फळी मारावी. वह्यांच्या नकला दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवाव्यात. मालाच्या विम्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. मात्र ज्यांनी विमा उतरवला आहे त्यांनी त्यात पुराचे कलम आहे की नाही हे एकदा वाचून घ्यावे. बरेच जण आगीचे वाचतात आणि पाण्याचे सोडतात.

ज्यांना स्वतः जाऊन पाहायचे आहे त्यांच्यासाठी : नाशिकहून अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, रेल्वेने निफाड स्थानक जवळचे. भडक कपडे घालू नयेत, पक्षी बिचकतात. फजरनंतर लगेच निघाल्यास ऊन वर येईतो पाण्याकाठी पोचता येते.