हलका सर्व्हर, पण शीत त्याच भांड्यातलं

आज नवलाख उंबऱ्यात बोलतोय, तेव्हा उदाहरणही इथलंच घेऊ. एमआयडीसीतला सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. ट्रक भरला, इनव्हॉइस निघालं, माल ठरलेल्या मर्यादेच्या वरचा म्हणून ई-वे बिल झालं, की गाडी गेटबाहेर. समजा, हे सगळं एका जावा अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. ते अडलं की गाडी अडली, आणि पुढच्या कारखान्याची लाइनही. म्हणून त्यातला प्रत्येक बदल आधी तपासायचा. कुठे तपासायचा, हा आजचा विषय.

मोठा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर बरीच कामं करतो: व्यवहार सांभाळणं, डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणं, निरोपांची रांग, सुरक्षा. पण तोच लॅपटॉपवर चढवला तर सुरू व्हायलाच काही मिनिटं जातात. धरा, प्रत्येक वेळी 5 मिनिटं आणि दिवसातून 20 वेळा. झाले की 100 मिनिटं! वेळ जातो तो जातोच. खरा तोटा वेगळा आहे. माणूस कंटाळतो, दहा बदल साठवतो आणि एकदम तपासतो. मग बिघडलं तर नेमकं कशामुळे, ते कळत नाही.

यावर उपाय हलका सर्व्हर. टॉमकॅट घ्या. झिप उघडा, तुमची वॉर फाइल वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये टाका, सुरू करा, ब्राउझरमध्ये 8080 पोर्ट बघा. झालं. मात्र टॉमकॅटमध्ये ईजेबी नाही, निरोपांची रांगही नाही. ते लागत असेल तर टॉमईई, वाइल्डफ्लाय किंवा ओपन लिबर्टी बघा. लिबर्टी 2012 मध्ये वेबस्फिअरबरोबर आला. 2017 मध्ये ओपन लिबर्टी या नावाने खुला झाला. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जी फीचर्स लिहाल, तेवढीच तो चढवतो. डेव्ह मोडमध्ये कोड सेव्ह केला की बदल आपोआप उचलतो, आणि एंटर दाबलं की टेस्ट्स चालवतो.

आता सावध राहायच्या जागा. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. पण शीत त्याच भांड्यातलं हवं ना? मावळात इंद्रायणी शिजतोय आणि शीत भलत्याच तांदळाचं काढलं, तर काय कळणार?

पहिली जागा, आवृत्ती. 2020 च्या जकार्ता ईई 9 पासून पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालं. टॉमकॅट 9 जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट 10 नवं. जुनी वॉर फाइल 10 वर टाकली, तर सर्व्हर सुरू झालेला दिसतो, पण पान उघडताना अनेकदा 404 येतो.

दुसरी, डेटाबेस. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. लॅपटॉपवर हलका एचटू, कारखान्यात ऑरॅकल. शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला तरी एचटू गप्प होता. ऑरॅकल मात्र रिकामी स्ट्रिंग म्हणजे नलच धरतो. रकान्याला नल चालत नव्हता, एंट्री नाकारली गेली. गाडी गेटवर उभी! तेव्हा सर्व्हर हलका ठेवा, डेटाबेस मात्र खऱ्याच जातीचा. ऑरॅकलची मोफत आवृत्ती कंटेनरमध्ये चालते.

तिसरी, घड्याळ. कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. रात्रपाळीत पहाटे 3 ला निघालेल्या गाडीवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. टाइमझोन स्पष्ट लिहा. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड कोडमध्ये नको, बाहेरून द्या. म्हणजे तीच वॉर फाइल दोन्हीकडे चालेल.

आणि हो, हलक्या सर्व्हरवर सगळं हिरवं दिसलं म्हणून थेट कारखान्यात चढवू नका. रोजचं काम हलक्यावर. पण चढवण्याआधी एकदा तरी तोच सर्व्हर, तीच आवृत्ती घेऊन पूर्ण फेरी मारा: इनव्हॉइसपासून गेट पासपर्यंत.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे: “सर, लॅपटॉप 8 जीबीचाच आहे, जमेल का?” जमेल. सर्व्हर लॅपटॉपवर, डेटाबेस ऑफिसातल्या एका मशीनवर, आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा स्कीमा. नाहीतर एकाची टेस्ट दुसऱ्याचा डेटा पुसेल.