कंपायलर शिकायचाय? मग सुरुवात ड्रॅगनपासून नको

इंजिनिअरिंगमध्ये कंपायलर डिझाइन हा विषय असतो. बरीच मुलं पार्सिंग टेबल पाठ करतात, पेपर काढतात आणि स्वतः एकही कंपायलर न लिहिता विषय संपवतात. मग नीट शिकायचं असेल तर काय वापरायचं?

आधी कंपायलर करतो काय ते बघू

समजा कोडमध्ये २ + ३ × ४ लिहिलंय. लेक्सर त्याचे पाच तुकडे करतो. पार्सर त्यांचं झाड बनवतो, म्हणजे गुणाकार आधी आणि बेरीज नंतर हे ठरतं. शेवटी त्यातून मशीनला कळणारा कोड तयार होतो. हुशार कंपायलर तर हिशेब स्वतःच करून थेट १४ लिहून टाकतो.

पहिलं पुस्तक कोणतं?

रॉबर्ट नायस्ट्रॉम यांचं 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स'. ते ऑनलाइन फुकट वाचता येतं. यात लॉक्स नावाची छोटी भाषा दोनदा बनवतात, आधी जावामध्ये आणि मग सीमध्ये. दुसऱ्या वेळी बाइटकोड कंपायलरही हातून लिहून होतो.

'ड्रॅगन बुक'चं काय?

आहो, सेठी आणि उलमन यांचं हे पुस्तक १९८६ मध्ये आलं. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे, म्हणून हे नाव. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीत मोनिका लॅमही लेखक आहेत. पुस्तक भक्कम आहे, पण गणिती आहे. थोडा कोड लिहून झाल्यावर उघडलं तर जास्त कळतं. सोबत एनपीटीईएलवर आयआयएससीचे प्रा. वाय. एन. श्रीकांत यांची लेक्चर्स मोफत आहेत.

कोणती टूल्स वापरायची?

फ्लेक्स आणि बायसन: नियम लिहून दिले की फ्लेक्स लेक्सर तयार करतो आणि बायसन पार्सर. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये बनलेल्या लेक्स आणि याक यांचे हे वारसदार.

एलएलव्हीएम: २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला प्रकल्प. याच्या 'कॅलिडोस्कोप' ट्युटोरियलमध्ये छोट्या भाषेपासून मशीन कोडपर्यंतचा सगळा प्रवास आहे. त्यासाठी सी++ यायला हवं.

कंपायलर एक्सप्लोरर: मॅट गॉडबोल्ट यांची वेबसाइट. काहीही इन्स्टॉल न करता डावीकडे कोड टाकायचा, उजवीकडे असेम्बली बघायची. एकपासून पुढे बेरीज करत जाणारा लूप क्लँगला ऑप्टिमायझेशन चालू करून दिला, तर लूपच गायब होतो! त्याच्या जागी शाळेतल्या सूत्रासारखा गुणाकार दिसतो.

मग सुरुवात कुठून?

एका कॅल्क्युलेटरपासून. बेरीज, गुणाकार आणि कंस समजणारा पार्सर स्वतःच्या हाताने लिहायचा. तेवढं जमलं की परीक्षेतलं पार्सिंग टेबल कशासाठी असतं ते कळतं. आणि सेमिकोलन विसरल्यावर कंपायलर भलत्याच ओळीवर का ओरडतो, तेही.