मधुमेह आणि दृष्टी

मधुमेही गृहस्थाला "डोळे तपासून घेतलेत काय?" असे विचारले, तर बहुधा उत्तर येते, "मला अगदी स्वच्छ दिसते. मग तपासायचे कशाला?" श्रोतेहो, हे उत्तर सयुक्तिक वाटते खरे, पण धोका नेमका त्यातच आहे. मधुमेहाने डोळ्याच्या आतील भागास इजा होऊ लागते, तेव्हा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि पुष्कळदा वाचनातही अडथळा येत नाही.

हे कसे घडते ते पाहू. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. बाहेरील वस्तूंची प्रतिमा त्यावर उमटते. त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे त्यांच्या भिंती दुबळ्या होतात. कोठे बारीक फुगे येतात, कोठे रक्त व पाणी पाझरते. बारीक अक्षरे ओळखण्याची शक्ती पडद्याच्या मध्यभागी एकवटलेली असते. तेथे हा पाझर साचला की अक्षरे अंधुक होतात. पुढे काही वाहिन्या बंद पडतात. रक्तावाचून उपाशी राहिलेल्या पडद्यावर मग नव्या वाहिन्या फुटतात. परंतु हा उपायच अपाय ठरतो. त्या कच्च्या असल्याने सहज फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरते. त्यांच्यासोबत वाढणाऱ्या तंतूंच्या ओढीने पडदा जागचा सुटूही शकतो.

मात्र हे सारे अटळ नाही. इन्सुलिनवर अवलंबून असणाऱ्या रुग्णांचा अमेरिकेत व कॅनडात मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे दृष्टिपटल आरंभी निरोगी होते, त्यांनी साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्यावर हा विकार जडण्याचा संभव ७६ टक्क्यांनी घटला. साखरेबरोबर रक्तदाबही आटोक्यात हवा.

प्रौढपणी मधुमेह झाल्यास निदान होताच, आणि पुढे सामान्यतः दरवर्षी, नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. येथे बहुधा थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणी असावे. साखर फार चढउतार करीत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलतो. तेव्हा आधी ती स्थिरावू द्यावी, मग नवा चष्मा करावा.

डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके वा जाळी तरंगू लागली, किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लेसर किरण, डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया हे उपाय आज उपलब्ध आहेत. त्यांनी असलेली दृष्टी बहुधा राखता येते. गेलेली सारी परत मिळेलच असे नाही. म्हणूनच, स्पष्ट दिसत आहे तोवरच तपासणीला जाणे शहाणपणाचे.