गाऱ्हाण्याचा पत्ता : जालना जिल्ह्यातील शाळा व्यवस्थापन समिती

खेड्यात शासनाचे रोज उघडणारे दार बहुतेक वेळा एकच असते आणि ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे असते. तलाठी ठरावीक वारी सज्जावर येतो, ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक गावांचा कारभार असतो, आरोग्य उपकेंद्राचे कुलूप परिचारिकेच्या फेरीवर अवलंबून असते. शाळा मात्र सुट्ट्या वगळता दररोज भरते, आणि म्हणूनच ती भरली की नाही, गुरुजी किती वाजता आले, पोर घरी येऊन काय वाचते, हे गावाला रोज दिसते. जालना जिल्ह्यातील पालकांचा शाळेविषयीचा असंतोष या दिसण्यातून जन्मतो. त्याला कायद्याने जी जागा नेमून दिली आहे तिचे नाव शाळा व्यवस्थापन समिती असे असून, गावात ती केवळ ‘समिती’ या नावाने ओळखली जाते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २१ अन्वये प्रत्येक शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत अशी समिती असावी, तिचे तीन चतुर्थांश सदस्य तेथे शिकणाऱ्या मुलांचे आईवडील अथवा पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद झाली. महाराष्ट्राने १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने समितीची रचना ठरवून दिली, त्यानुसार समितीत बारा ते सोळा सदस्य असतात, अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक हा पदसिद्ध सचिव असतो आणि बैठक महिन्यातून एकदा घ्यावी लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, तिचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची तीन मुख्य कामे होत. या यादीत देखरेख आहे, आराखडा आहे, लक्ष ठेवणे आहे. शिक्षकाची नेमणूक, बदली, रजा, वेतन किंवा शिस्तभंग यांपैकी एकही बाब नाही. समितीच्या पंधरा वर्षांच्या वाटचालीतील बहुतेक कटुता या एका उणिवेत साठलेली आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून तो आकाराला आला आणि आज त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जेथे वरच्या शिक्षणाचे आणि राज्यकारभाराचे माध्यम उर्दू असल्याने मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलाला शाळेची वाट पश्चिम महाराष्ट्रापेक्षा फार उशिरा सापडली. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. तरीही २०११ च्या जनगणनेत सुमारे १९ लाख ५९ हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्याची साक्षरता ७१.५ टक्क्यांच्या आसपास आणि स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपासच होती. समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात हा नियम अशा जिल्ह्यात लागू होतो, तेव्हा आराखड्यावर सही करणाऱ्या सदस्यांत तो आराखडा वाचू न शकणाऱ्या माताही असतात, आणि नेमक्या त्याच माता मुलाच्या शिक्षणाविषयी सर्वांत कळकळीने बोलतात.

पालकांची पहिली तक्रार सामान्यतः मुख्याध्यापकाविषयी असते. शाळेला वळण नाही, हेडसरांचा धाक नाही, कोणी विचारणारे नाही, अशा शब्दांत ती मांडली जाते. ही तक्रार तपासू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात येते आणि ती पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मात्र पट १५० च्या वर गेल्यावरच मिळते. सहावी ते आठवीसाठी हीच मर्यादा १०० आहे. लहान गावे आणि वस्त्या यांच्या शाळांचा पट या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तेथे सेवेने ज्येष्ठ असलेला शिक्षक ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणून काम पाहतो. म्हणजे तो आपले वर्ग शिकवतो आणि त्याशिवाय शाळेचे दप्तर सांभाळतो. दप्तर या शब्दात हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाची रोजची नोंद, संगणकीय माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, अनुदानाची कॅशबुक आणि वरून आलेल्या प्रत्येक टपालाचे उत्तर एवढे सगळे येते. दोन शिक्षकी शाळेत प्रभारी तालुक्याला बैठकीस गेला, की उरलेला शिक्षक चार-पाच इयत्तांची मुले एका खोलीत घेऊन बसतो, आणि त्या दिवशी शिकवणे होत नाही, मुले सांभाळणे होते. ज्या नेतृत्वाविषयी गाव चिडलेले असते ते पद त्या शाळेला कायद्यानेच दिलेले नसते.

त्यापुढची तक्रार शिक्षक टिकत नाही आणि गेलेल्याच्या जागी कोणी येत नाही, ही असते. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात नवी शिक्षकभरती थांबली. पुढे भरतीसाठी ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आली, तिच्यासाठीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि तिच्यातून नेमणुका होण्यास २०१९ उजाडले. या काळात सेवानिवृत्ती थांबली नव्हती आणि आपल्या मूळ जिल्ह्याकडे आंतरजिल्हा बदलीने जाणारे शिक्षकही थांबले नव्हते. कायद्याच्या कलम २६ नुसार कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. दोन शिक्षकी शाळेतील एक जागा रिकामी झाली की ते प्रमाण पन्नास टक्के होते, एवढे गणित कोणताही पालक बोटांवर करू शकतो.

बदल्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयाने जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकावर गेल्या, आणि त्याआधी शिफारशीचे जे वजन चालते अशी ओरड होती त्याला आळा बसला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या पद्धतीत गंभीर आजार, अपंगत्व, पती-पत्नी एकत्रीकरण अशा विशेष संवर्गातील शिक्षकाने एखादी शाळा मागितली की तेथे असलेल्या बदलीपात्र शिक्षकाला उठावे लागते. शिक्षकांच्या बोलीत याला ‘खो बसणे’ म्हणतात, आणि खो-खोच्या खेळातला हा शब्द गावालाही चटकन समजतो. ज्याला खो बसला तो कोठे जाईल, त्याच्या जागी येणारा रुजू कधी होईल, हे जिल्ह्याची यादी ठरवते. पहिलीची मुले वाचनाच्या उंबरठ्यावर आणून ठेवलेल्या शिक्षिकेला आणखी एक वर्ष राहू द्यावे, असा ठराव समितीने केला तरी त्या यादीत त्याला रकाना नाही. शिक्षकांना सोय मिळाली हे न्याय्यच आहे, पण ज्यांच्यासाठी शाळा आहे त्यांचे मत विचारण्याची एकही पायरी या साऱ्या रचनेत ठेवली गेली नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

याच्याच जोडीला ‘अपडाऊन’ हा शब्द येतो. शिक्षकाने शाळेच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहावे ही जुनी अट असून घरभाडे भत्ता तिच्याशी जोडलेला आहे. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये हा प्रश्न विधानसभेत मांडला तेव्हा शिक्षक संघटना आणि पालक यांच्यात राज्यभर वाद पेटला. जालना शहर किंवा साठेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर येथून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाचे घड्याळ रेल्वेच्या आणि एसटीच्या वेळेला बांधलेले असते. पालकांचा राग येथे साधार आहे. मात्र आडगावी राहण्याजोगे घर, पाणी आणि शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांना माध्यमिक शाळा नसते हेही तितकेच खरे आहे, आणि शिक्षक आपली मुले शहरात शिकवतो ही गोष्ट पालकाच्या मनाला भत्त्याच्या रकमेपेक्षा अधिक लागते.

समितीची मासिक बैठक जवळून पाहिली म्हणजे तिची शक्ती आणि दुबळेपणा दोन्ही कळतात. शाळा सुटायच्या सुमारास वर्गातल्या सतरंजीवर सदस्य जमतात. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीचे दिवस असतील तर गणपूर्तीसाठी मुलांना घरोघर पिटाळावे लागते. सचिव मागील बैठकीचे इतिवृत्त वाचतो, विषयपत्रिकेतील विषय एकामागून एक येतात, प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिली जातात आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ हे दोन शब्द पडतात. ज्या गावात बैठक भरत नाही तेथे इतिवृत्ताची वही घरोघर फिरते, आणि शेतावरून आलेली आई पदर सावरून, दाखवलेल्या जागी सही किंवा अंगठा करते. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली वर्षाची बारा इतिवृत्ते तपासणीत चालून जातात, कारण तपासणारा वही पाहतो, बैठक पाहत नाही. याउलट जेथे अध्यक्ष हट्टाने बैठक भरवतो तेथे साध्या गोष्टी सुधारतात: खिचडीतील डाळ, मुलींच्या स्वच्छतागृहाचे पाणी, अनुदानाचा हिशेब. हे अनुदानही लहानच असते, कारण समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि त्यापुढे शंभरापर्यंत २५,००० रुपये मिळतात. त्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सर्व भागवावे लागते.

समितीच्या हाती असलेली एक गोष्ट काढून घेतली गेली तेव्हा काय घडले, याचा दाखला गणवेशात सापडतो. दोन गणवेशांसाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपये समितीच्या खात्यात येत आणि ती जवळच्या दुकानातून किंवा शिंप्याकडून कपडे घेई. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ या धोरणाखाली कापडाची खरेदी राज्यस्तरावर गेली, एका गणवेशाची शिलाई महिला बचतगटांकडे सोपवली गेली आणि स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचे कापड समितीकडे पाठवून शिलाईला १०० आणि वरखर्चाला १० रुपये ठरवण्यात आले. या दरात शिंपी मिळेना, पावसाळा उलटला तरी अनेक शाळांत कपडे आले नाहीत, आणि आले त्यांत कोणाला सैल तर कोणाला तोकडे अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा समित्यांकडे दिले. गावातील शिंप्याने मुलाला समोर उभे करून घेतलेले माप मुंबईतून घेता येत नाही, हे समितीतील कोणत्याही आईने आधीच सांगितले असते.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांत समितीपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि त्या कोयत्यामागे मुलांचीही फरफट होते. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, आणि स्थलांतर त्यानंतर सुरू होते, म्हणून कागदावरचा पट आणि डिसेंबरमधला वर्ग यांची गाठ पडत नाही. मुलांना गावात ठेवून घेण्यासाठी सर्व शिक्षा अभियानाच्या काळात हंगामी वसतिगृहाची योजना आली; आईवडील परत येईपर्यंत मुलांची जेवणाची आणि राहण्याची सोय करायची, आणि ही जबाबदारी समितीमार्फत पार पाडायची, असे तिचे स्वरूप होते. ज्या गावात ती वेळेवर सुरू झाली तेथे मुले थांबली. मंजुरीला उशीर झाला तर मात्र बैलगाडी किंवा ट्रक मंजुरीची वाट पाहत नाही.

शिकवण्याचे दिवस इतरही कारणांनी कमी होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. तथापि २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२४ या काळात राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरत होते. ज्या मराठा आरक्षण आंदोलनातून हे सर्वेक्षण निघाले त्याचे केंद्र अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी होते. आरक्षणाची मागणी करणारा बाप आणि मुलाच्या वर्गात आठवडाभर शिक्षक नाही म्हणून चिडलेला बाप हा पुष्कळदा एकच माणूस होता, आणि दोन्ही मागण्यांमागे पोराच्या शिक्षणाचीच चिंता होती.

ठरावाने काही हलत नाही असे पाहिल्यावर पालक दोन मार्ग धरतात. पहिला शाळेला कुलूप ठोकण्याचा, किंवा मुलांना दप्तरांसह गाडीत बसवून पंचायत समितीच्या अथवा जिल्हा परिषदेच्या आवारात ‘शाळा भरवण्याचा’. मराठवाड्यात ही रीत आता परिचयाची झाली असून तिच्यामुळे तात्पुरता शिक्षक बहुधा मिळतो, परंतु तो दुसऱ्या एखाद्या गावाच्या शाळेतूनच आणलेला असतो. दुसरा मार्ग मुलाचा दाखला काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालण्याचा. ज्याला फी आणि गाडीभाडे परवडते तो जातो, पट घटतो, पट घटला की पद जाते, आणि मागे राहतात ती मजुरांची आणि भूमिहीनांची मुले. समितीत नेटाने बोलणारा पालकही पुष्कळदा दाखला काढणाऱ्यांतच असतो, आणि मूल त्या शाळेत नाही म्हटल्यावर त्याचे सदस्यत्वही संपते.

पालकांच्या हाती खरा अधिकार देऊन पाहणारी उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतील शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेला स्थानिक परिषद मिळाली, तिच्यात सहा पालक असत, आणि मुख्याध्यापकाची चार वर्षांच्या कराराने निवड करण्याचा अधिकार तिला होता. तेथेही सर्व शाळा सुधारल्या असे नाही, परंतु नाराज पालकाला आपले गाऱ्हाणे कोठे न्यायचे हे ठाऊक होते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याची शाळा त्याच्याचकडे, करावी लागते. प्रत्यक्षात ती प्रभारी मुख्याध्यापकाकडून केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढते. यांतील केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, हे पद १९९४ मध्ये नेमके गावाच्या जवळ राहून शाळा पाहता याव्यात म्हणून निर्माण झाले होते. २०२३ मध्ये त्याच्या २,३८४ जागांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली आणि परीक्षा पुढे लांबत गेली.

मार्च २०२५ मध्ये निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रमाखाली दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘चावडी वाचन’ आले, म्हणजे मुलांनी गावकऱ्यांसमोर उभे राहून उतारा वाचायचा आणि गणित सोडवून दाखवायचे. या जिल्ह्यातील समित्यांना आजवर मिळालेले हे सर्वांत उपयोगी साधन ठरू शकते, कारण ज्या आईला आराखडा वाचता येत नाही तिलाही मूल कोठे अडखळले ते ऐकू येते. तिसरीतील मुलगी जोडाक्षराशी थांबते, बोट त्या अक्षरावर ठेवून वर पाहते, आणि ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघतात. पुढच्या बैठकीत तो विषय पत्रिकेवर पहिला येतो, शिक्षकाची रिक्त जागा भरण्याचा ठराव होतो, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिली जातात, आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखाच्या टेबलावर जाते, ज्याचा अतिरिक्त कार्यभार अनेकदा दुसऱ्या शाळेत वर्ग घेत असलेल्या शिक्षकाकडे असतो.