नियतकालिकांचे न आलेले अंक

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी वाचनालयात एखादा अंक आला नाही, हे बहुधा वर्षअखेरीस बांधणीच्या वेळी ध्यानात येते. तोवर प्रकाशकाकडील शिल्लक प्रती संपलेल्या असतात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघू शकते. मासिकाचा अंक सहसा पुन्हा छापला जात नाही. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चा राहिलेला अंक आता मागावयाचा कोणाकडे?

यावरील उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक नियतकालिकासाठी एक नोंदपत्रक ठेवून त्यावर वर्गणीची मुदत, पावती क्रमांक, अंकाची अपेक्षित व प्रत्यक्ष तारीख लिहावी. पंधरा दिवस वाट पाहून स्मरणपत्र धाडावे. त्यात वर्गणीदार क्रमांक हवाच. वेष्टनावर पिनकोड ४२३३०१ बरोबर आहे ना, हेही पाहावे.

मात्र नोंदपत्रकावरील प्रत्येक रिकामी चौकट म्हणजे गहाळ अंक नव्हे. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, त्या प्रथेचा हा एक परिणाम: पुष्कळ मासिके त्या सुमारास जोडअंक काढतात, तर काहींचा दिवाळी अंक वर्गणीत धरलेला नसतो. पुढील अंकाचा क्रमांक पाहिला की उलगडा होतो.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये मान्य वाचनालयांना अनुदान मिळते. त्याची वाट पाहत नूतनीकरण लांबविले, तर मधले अंक तुटतात. ती रक्कम कार्यकारी मंडळाने आधीच बाजूस काढावी. तरीही न मिळालेल्या अंकाविषयी १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे विचारणा करावी. तेथे तो निघाल्यास आवश्यक पृष्ठांची छायाप्रत संचात त्याच जागी बांधून घ्यावी.