टर्बोचार्जरची मोटार आणि हास्यवायु
(नभोवाणीवरील भाषण)



दंतवैद्याच्या खुर्चींत बसलेल्या रोग्यास ज्या वायूनें वेदनेचा विसर पडतो, तोच वायु मोटारीच्या इंजिनांत सोडला असतां तिची शक्ति क्षणार्धांत वाढवितो, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. जोसेफ प्रीस्टले यानें १७७२ सालीं नायट्रस ऑक्साइड प्रथम तयार केला. हंफ्री डेव्ही यानें १८०० सालीं त्याच्या गुणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘हास्यवायु’ हें नांव रूढ झालें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानांनीं उंचावरील विरळ हवेंत त्याचा उपयोग केला. पुढें अमेरिकेंतील शर्यतींच्या शौकिनांनीं तो मोटारींत आणला. आज तेथें त्याचे तयार संच विकत मिळतात. त्यांपैकीं कोणता घ्यावा, आणि मुळांत घ्यावा कीं नाहीं, हा आजचा विषय.

प्रथम हा वायु करतो काय, तें पाहूं. तो स्वतः जळत नाहीं. हवेंत वजनानें शेंकडा २३ भाग प्राणवायु असतो. या वायूंत तो शेंकडा ३६ असतो. सिलिंडरांतील उष्णतेनें त्याचें विघटन झालें कीं हा प्राणवायु सुटा होतो व अधिक पेट्रोल जाळतां येतें. म्हणजे शक्ति येते ती पेट्रोलांतून. वायु केवळ अग्नीस श्वास पुरवितो. शिवाय त्याचा उत्कलनबिंदु शून्याखालीं ८८ अंश आहे. बाटलींतील द्रवाचें बाष्प होतांना इंजिनांत शिरणारी हवा थंड व दाट होते, हा आणखी एक लाभ.

टर्बोचार्जरचें कामहि अशाच प्रकारचें आहे. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतानें एक चक्र फिरतें व तें आंत जास्त हवा कोंबतें. परंतु झोत वाढून चक्रास वेग येईपर्यंत चालकास थोडें थांबावें लागतें. हास्यवायूचें खरें स्थान याच अवकाशांत आहे. तो आरंभीं शक्ति देतो, धूर वाढवितो, आणि चक्रास वेग आला कीं त्यानें निरोप घ्यावा.

एक उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीच्या १९८७ सालच्या ‘ग्रँड नॅशनल’ मोटारीचें ३.८ लिटरचें, सहा सिलिंडरांचें टर्बोचार्जरयुक्त इंजिन २४५ अश्वशक्तीचें होतें. अशा मोटारीच्या मालकानें संचाचा विचार करण्यापूर्वीं मात्रा ठरवावी. रस्त्यावरील गाडीस केवळ चक्र जागें करण्यासाठीं ५० अश्वशक्तीची मात्रा पुरेशी होते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : संचावरील आंकडा सामान्यतः साध्या इंजिनास धरून दिलेला असतो. टर्बोचार्जर असल्यास वाढलेल्या धुरानें चक्रहि जोरांत फिरतें, आणि प्रत्यक्ष वाढ त्या आंकड्याहून अधिक होते. म्हणून लोभ आवरावा.

संचांचे मुख्य प्रकार तीन. ‘कोरड्या’ पद्धतींत नळींतून केवळ वायु सोडतात. जादा पेट्रोल इंजिनाच्या मूळच्या इंजेक्टरांनीं पुरवावयाचें असतें. इंजेक्टर मोठे असतील व इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलतां येत असेल, तर ही पद्धति सुटसुटीत आहे. ‘ओल्या’ पद्धतींत वायु व पेट्रोल एकाच नोझलमधून फवारले जातात. इंजेक्टरांस जादा भार पेलत नसेल तेथें हीच बरी. मात्र ती नोझल इंटरकूलरच्या पुढें, थ्रॉटलजवळ बसवावी. इंटरकूलरमध्यें पेट्रोल सांचूं देणें म्हणजे स्फोटास आमंत्रण देणें होय. तिसऱ्या प्रकारांत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र नोझल असते. तो मोठ्या मात्रेच्या शर्यतींसाठीं उत्तम, पण बाजारहाटाच्या गाडीस व्यर्थ खर्चाचा.

आतां खरा धोका सांगतों. वायु आला पण पेट्रोल कमी पडलें, तर ज्वालेची उष्णता भलतीच वाढते, अकालीं स्फोट होतात आणि कांहीं सेकंदांत पिस्टन वितळूं शकतो. म्हणून पेट्रोलचा पंप समर्थ असावा. स्पार्क प्लग अधिक थंड प्रतीचे घालावे. ठिणगीचा क्षण दर ५० अश्वशक्तीमागें सुमारें दोन अंश मागें सारावा, असा ठोकताळा आहे. पाय पूर्ण दाबल्याशिवाय वायु सुरूं होऊं नये. इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेबाहेर असतां, किंवा पेट्रोलचा दाब उतरतांच, तो आपोआप बंद व्हावा. टर्बोचा दाब भरला कीं वायु तोडणारा खटकाहि आपल्या कामास अवश्य आहे. हे खटके चैनीचे नव्हेत. तेच संचाचें हृदय होत.

बाटलीचीहि निगा हवी. तींतील दाब दर चौरस इंचास ९०० ते १००० पौंड असावा, असा प्रघात आहे. थंडींत दाब उतरतो, म्हणून विजेचें उष्णवेष्टण वापरतात; बाटलीस ज्योत मात्र कदापि दाखवूं नये. ३६.४ अंशांपलीकडे हा वायु द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं; बंद गाडींत उन्हांत ठेवलेल्या बाटलींतला दाब भयंकर चढतो. म्हणून तिच्या सुरक्षाझडपेची नळी गाडीबाहेर काढलेली असावी. मोटारीसाठीं विकल्या जाणाऱ्या वायूंत हुंगण्याचा मोह होऊं नये म्हणून गंधकाचा एक उग्र वायु मिसळतात, हेंहि घरांतील तरुणांस सांगून ठेवावें.

शेवटीं कायद्याची गोष्ट. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेशीं विसंगत असा बदल करण्यास मनाई करतें, व सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हेंच बजावलें आहे. अमेरिकेंतहि राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. तेव्हां आपल्या मुलानें किंवा पुतण्यानें परदेशांतून अशा संचाची हौस कळविली, तर रागावूं नका. त्यास तीनच प्रश्न विचारा. जादा पेट्रोल कोठून येणार? वायु बंद कोण करणार? आणि गाडी चालविणार कोठें, शर्यतीच्या मैदानावर कीं मुलें रस्ता ओलांडतात तेथें? पहिल्या दोहोंचीं उत्तरें यंत्रज्ञ देईल. तिसऱ्याचें मात्र चालकाच्या विवेकानेंच दिलें पाहिजे. तें उत्तर समाधानकारक नसेल, तर स्वस्त वा महाग, कोणताच संच त्याच्यासाठीं योग्य नव्हे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.